बाबांना विनोद कळतो का

मी मुळात संशयी. भाजीवाल्याने आपणहून कोथिंबीर जास्त घातली, तरी मी ती जुडी उलटीपालटी करून बघणार. पुढे नोकरीही तशीच मिळाली. जर्मनीत न्युरेम्बर्गच्या एका कंपनीत मी यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. आमच्या कामात एक पथ्य असतं. ज्याने वस्तू बनवली त्याला "चालते का?" असं विचारायचं नाही, कारण तो हो म्हणणारच. आपण गुपचूप तपासायचं आणि लिहून ठेवायचं.

बाबा आमच्याकडे तीन महिने राहायला आले, त्याच्या आदल्या आठवड्यात दादाचा पुण्याहून फोन आला होता. आई गेल्यापासून बाबा साताऱ्यात एकटे राहतात. दोनदा गॅस चालू राहिला, शेजारच्या काकूंना दुसऱ्याच नावाने हाक मारली, असं त्याच्या कानावर आलं होतं. पुण्याजवळ वयस्कर लोकांसाठी एक चांगली जागा आहे, तिथे त्याने बाबांचं नाव घालून ठेवलं होतं. "तू जवळून बघ," तो म्हणाला, "आणि मला खरं खरं सांग. एकटे राहू शकतील की नाही? तू नाही म्हणालीस तर मी साताऱ्याच्या घराला कुलूप लावतो. आणि त्यांना एवढ्यात काही बोलू नकोस, उगाच मनाला लावून घेतील."

मला हे काम अगदी ओळखीचं वाटलं.

बाबा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. माझ्या लहानपणी टीव्हीवर आठवड्यातून एकदा एक ब्रिटिश विनोदी मालिका लागायची, आणि बाबा ती बघताना मांडीवर थाप मारून असे हसायचे की शेजारच्यांना कळायचं, मास्तरांची मालिका लागली. "इंग्रज गेले ते बरंच झालं," ते म्हणायचे, "पण विनोद करावा तो त्यांनीच." आम्हाला अर्धंमुर्धं कळायचं, आम्ही बाबांकडे बघून हसायचो. तेव्हा मी ठरवलं की हीच परीक्षा. तीच मालिका लावायची. बाबा पूर्वीसारखे हसले तर त्यांचं सगळं जागच्या जागी आहे.

पहिल्या संध्याकाळी मी मालिका लावून दिली आणि थालीपिठं लावायला आत गेले. वीस मिनिटांनी बाहेर येऊन बघते तर टीव्हीवर सगळे जर्मनमध्ये बोलत होते. आमच्याकडे हे नेहमीचंच. इथे परदेशी मालिकांवर सर्रास जर्मन आवाज चढवलेले असतात, लंडनचा पोलीसही अस्सल जर्मनमध्ये दरडावतो, आणि माझी बारा वर्षांची लेक सगळं तसंच बघते. तिने लावलेली भाषा मी बदलायची विसरले होते. पण बाबा? बाबा ताठ बसून पडद्याकडे बघत होते.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"छान आहे," बाबा म्हणाले.

पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला समोर जर्मन चाललंय हे कळू नये? मी रात्रीच्या जेवणाआधी वहीत नोंद केली.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीत लावली. बाबा हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम जर्मन ठेवली. "छान." चौथ्या दिवशी इंग्रजी. "छान." असं मी चार आठवडे आलटून पालटून करत राहिले. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा आपण फार शास्त्रशुद्ध वागतोय असं वाटत होतं.

या भानगडीत मला ती मालिकाही नव्याने बघावी लागली, आणि खरं सांगते, माझा विरस झाला. त्यात एक भारतीय माणूस आहे. तो सारखी मान डोलावतो, मोडकंतोडकं इंग्रजी बोलतो, आणि तो तोंड उघडायच्या आतच मागे प्रेक्षक खदाखदा हसतात. साताऱ्यात आम्हीही त्याला हसलो होतो! आता न्युरेम्बर्गच्या ऑफिसात मीटिंगमध्ये मी बोलायला लागले की समोरचा एक जण ओठ दाबतो. त्याच्या घरी हीच मालिका बघतात की काय, असा मला दाट संशय आहे.

नवीन काहीतरी बघू म्हणून ऑफिसात सगळे ज्यांची तारीफ करतात ते ब्रिटिश सिनेमेही लावले. एकात नायक दीड तास अडखळत बोलतो, मग पावसात धावत जाऊन प्रेम आहे म्हणून सांगतो. फोन केला असता तर दहाव्या मिनिटाला सगळे घरी गेले असते. एका मालिकेत ऑफिसमधली माणसं एकमेकांना लाजेने मान खाली घालायला लावतात आणि त्यालाच विनोद म्हणायचं. मला तर कामावर बसल्यासारखंच वाटलं. "फार सूक्ष्म विनोद असतो तो," माझी एक जर्मन सहकारी म्हणाली. मी तिला विचारलं, तुला नक्की कुठे हसू आलं? "आल्झो," म्हणजे "तर त्याचं असं आहे," असं म्हणत ती कॉफी आणायला उठली ती परत आलीच नाही. या सिनेमांना नावाजणारे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसतात, असं माझं तेव्हापासून पक्कं मत आहे.

पण माझी गोष्ट वेगळी. मला आवडलं नाही तर मी आवडलं नाही म्हणत होते. बाबा सगळ्यालाच छान म्हणत होते. जर्मनला छान, इंग्रजीला छान, त्या मान डोलावणाऱ्यालाही छान. आणि हसू एकदाही नाही. हळूहळू मला बाकीचंही दिसायला लागलं. ते माझ्याशी बोलताना शब्दासाठी थांबतात. सकाळी साताऱ्याहून आणलेल्या इंग्रजी पेपरमधलं शब्दकोडं घेऊन बसतात आणि मी आले की दुमडून ठेवतात. कपाटावर कुठे काय ठेवलं ते पुटपुटत पाठ करतात. मी सगळं लिहीत गेले. एका शनिवारी वहीच्या पानांचे फोटो काढून दादाला पाठवले आणि खाली लिहिलं, "मला नाही वाटत ते एकटे राहू शकतील."

दादाचं लगेच उत्तर आलं. सोमवारी तो त्या जागेवाल्यांना होकार कळवणार होता.

दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी मी स्वयंपाकघर आवरत होते, आणि बाहेरून बाबांच्या हसण्याचा आवाज आला. तेच लहानपणचं हसणं, मांडीवर थाप मारून. मी ओल्या हातांनी धावले. टीव्ही चालू होता, शेजारी माझी लेक बसली होती आणि बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काय झालं?"

लेक म्हणाली, "आजोबांनी विचारलं, हे कुठल्या भागातलं इंग्लिश आहे? मी म्हटलं, दास इस्ट दॉख डॉइच, आजोबा! हे जर्मन आहे."

"जर्मन!" बाबांनी पुन्हा थाप मारली. "अगं, जर्मन आहे हे! आणि मी मेलो होतो इथे महिनाभर!"

मग त्यांचं हसू थांबलं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि ते पुसणं जरा जास्तच वेळ चाललं.

"मला वाटलं, माझं इंग्रजी गेलं," ते म्हणाले. "तू म्हणालीस, तुमची इंग्रजी मालिका लावते. बघतो तर एक शब्द लागेना. म्हटलं, कान गेले असतील. दुसऱ्या दिवशी सगळं नीट कळलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा काही नाही. एक दिवस डोकं चालतंय, एक दिवस बंद. तुझ्या आईच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं, माहीत आहे ना? विनोद कसला ऐकतोय, मी रोज एवढंच बघत होतो की आज कळतंय की नाही. शब्दकोडी सोडवून बघायचो. सकाळी वस्तू पाठ करायचो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू वहीत लिहितेस ते दिसत होतं मला. मास्तर होतो मी. पेपर कोण तपासतंय ते कळतं." मग ते जरा हसून म्हणाले, "पण ज्या दिवशी कळलं, त्या दिवशीही फारसं हसण्यासारखं नव्हतं हां. त्या बिचाऱ्या आपल्या माणसाची किती टर उडवतात. आपण कसे काय हसत होतो गं?"

मी लेकीला खोलीत पाठवलं आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. पहिल्या दिवशी चूक झाली, पण पुढे जर्मन मी मुद्दाम ठेवत होते. दादाने काय विचारलं होतं, काल मी त्याला काय कळवलं. मला वाटलं ते ओरडतील, आणि ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"एकदा विचारायचंस," बाबा म्हणाले. "बाबा, कळतंय का, एवढंच. कदाचित खोटंच सांगितलं असतं मी. पण विचारायचंस."

मी तिथेच दादाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि घाईघाईने म्हणाले, "दादा, होकार कळवू नकोस. माझी चूक झाली. बाबा ठणठणीत आहेत, साताऱ्याला मजेत एकटे राहतील."

"काल एक, आज एक," दादा म्हणाला. "आज ते तुझ्याशेजारी बसलेत म्हणून म्हणतेस का? वहीत तर तूच सगळं तारीखवार लिहिलंयस."

मी बाजू मांडत राहिले आणि तो माझ्याच नोंदी मला वाचून दाखवत राहिला. बाबांनी हात पुढे केला.

"दे इकडे. अरे, मला जर्मन येत नाही, एवढाच माझा आजार आहे. बाकी काय विचारायचं ते मला विचार."

मग दादाने, आम्हा दोघांपैकी कोणीही इतक्या दिवसांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

मी बाबांकडे मान हलवून खुणावत होते, की सांगा, आपल्या घरी म्हणून सांगा. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"साताऱ्याला एकटं नको रे आता," ते म्हणाले. "दिवस जातो. संध्याकाळ जात नाही."