खिळ्यावरची राखी

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सूप मांडीवरच राहिलं... त्याला आता महिना होत आला. मी चौथी शिकलेली, चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा भाऊ तिथे टर्नर होता, लेथवर धातू कातायचा. सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच. रेडिओवर उपग्रहांच्या बातम्या ऐकून त्याला रॉकेटचं वेड लागलं. सुट्टीच्या दिवशी जवळच्या सुपेला वस्तीत ओळखीच्या वर्कशॉपात जाऊन तो रॉकेटची नळी बनवायचा. अॅल्युमिनियमची जाड कांब लेथवर फिरवायची, ती आतून पोखरायची आणि नळीची जाडी सगळीकडे सारखी ठेवायची. राखीच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे डबा घेऊन गेले, तर त्याचं मनगट रिकामं! राखी भिंतीवरच्या खिळ्याला.

"एक दिवसबी नाई ठेवली, भाऊ?" माझे डोळे भरले.

"रडून कावून राहिली? पाहाय इकडं." त्याने एका काडीला सूत बांधलं आणि दुरूनच फिरत्या कांबीला लावलं. सूत गुंडाळलं गेलं, काडी मोडून पडली. "इथं माहा हात असता म्हंजे?"

मी डबा ठेवून निघाले, पण मनातून राग गेला नव्हता.

रॉकेट उडवायच्या दिवशी शेजारच्या लक्ष्मणने क्वार्टरांची सगळी लाईन मैदानात जमवली. दारू भरायच्या आधी भाऊने नळी उन्हाकडे धरून आत पाहिलं. एका जागी कातताना हत्यार खोल रुतून ओरखडा पडला होता.

"येवढ्याशा ओरखड्यानं काय होते बे? लोकं आले ना!" लक्ष्मण म्हणाला.

"फुटली तर इथूनच फुटंल. तुकडे सुरीवानी उडतीन."

"मंग लांब उभं राहू."

"पोरं राहतीन का लांब?"

"भेला म्हून सांग ना सरळ!"

"भेलो," भाऊ म्हणाला आणि सगळ्यांसमोर त्याने करवतीने नळीचे दोन तुकडे केले. लोक हसत पांगले. पुढे कितीतरी दिवस त्याला 'रॉकेटवाले' म्हणून चिडवत. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने खिळ्यावरून आणलेली राखी खिशातून काढून हात पुढे केला. "बांध. आता मशीन नाई चालवाची आज." माझा राग तेव्हा गेला.

पुढे जवळच्याच पद्मनाभपुरात भाऊचं घर झालं, रिटायर झाल्यावर पडवीत छोटी लेथ आली आणि तिच्यावर एक खिळा. दरवर्षी राखी तिथे लटकायची... यंदा बांधली तेव्हा म्हणाला, "आता काढत नाई. हात थरथरते, मशीन बंद केली."

तेराव्याला पडवीत गेले. लेथवर कापड झाकलेलं होतं. राखी हातावर तशीच त्याच्यासोबत गेली. खिळा रिकामा आहे.