डावा कोपरा

भातकापणी उरकलेल्या शेताला स्वतःचा एक वास असतो. दहिवरात भिजलेल्या पेंढ्याचा, टाचांखाली भुगा होत जाणाऱ्या मातीचा. पोलादपूरजवळच्या आमच्या शाळेमागे, त्या वासातच, माझी मुलगी ऋता आणि वरच्या वाडीतली सुली कबड्डी शिकल्या. डाव्या कोपऱ्यात सुली, तिच्या शेजारी ऋता, दोघींची बोटं एकमेकींत गुंफलेली. कोपऱ्यातलीने चढाई करणाऱ्या मुलीचा घोटा धरायचा आणि शेजारणीने, हात न सोडता, त्याच क्षणी अंगावर झेपावायचं. बचावाची साखळी म्हणतात ती हीच, आणि ती मीच त्यांना शिकवली होती. "हात सुटला की कोपरा गेला," असं मी ओरडायचो, तेव्हा सुली खिदळायची, "नाय सुटत गुरुजी, हिच्या तळव्याला डिंक हाय."

क्लब निवडायची वेळ आली तेव्हा मी गुरुजी उरलो नाही. गावच्या मंडळात दोघींनाही जागा होती. पण महाडच्या क्लबाची जर्सी अंगावर असली की जिल्ह्याचे निवडकर्ते वळून पाहतात, हे मला ठाऊक होतं, म्हणून दोघींना तिथल्या निवड चाचणीला न्यायचं मी ठरवलं. सुलीचा बाप मुंबईला कामाला, तिची आई तिला एसटीच्या थांब्यावर सोडायला आली आणि एवढंच म्हणाली, "तुमी हाय म्हनून धाडतंय, गुरुजी."

निवड चाचणीच्या त्या सकाळी सावित्री नदीवरचं धुकं अजून विरलं नव्हतं. क्लबच्या फाटकाशीच तिथल्या प्रशिक्षकांनी मला सहज सांगितलं, की डाव्या बाजूला एकच मुलगी घेणार आहोत. मी दोघींना केळी दिली. सुली साली टाकायला गेली, आणि तेवढ्या अवधीत मी ऋताला म्हणालो, "तिनं घोटा धरला की हात सोड. पुढची पकड तू एकटीनं कर."

"बाबा, ती पडेल."

"पडू दे. खेळ आहे."

एवढी स्पष्ट वाक्यं मी आयुष्यात फार थोड्या वेळा बोललो आहे.

सुलीने घोटा धरला. पाठीमागचा हात रिकामा झाला आणि ती मध्यरेषेपर्यंत फरफटत गेली. उठताना तिने ऋताकडे पाहिलं नाही. स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. पुढच्या चढाईला ऋताने एकटीने अशी देखणी पकड केली, की कडेला उभी असलेली माणसं टाळ्या वाजवू लागली. त्यात मीही होतो.

परतीच्या बसमध्ये, खिडकीतून येणाऱ्या उन्हात गुडघ्यावरचे ओरखडे न्याहाळत सुली म्हणाली, "माझाच हात घामेजला आसंल, गुरुजी."

तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." ऋता दोघांच्या मध्ये बसून पुढच्या सीटची पाठ पाहत राहिली.

निवड ऋताची झाली. सुली त्यानंतर मैदानात उतरली नाही. वाडीची वाट शाळेवरूनच जाते. ती दिसते, वाकून नमस्कार करते, आणि त्या नमस्काराइतकी कठोर शिक्षा मला कुणी दिलेली नाही.

गेल्या आठवड्यात महाडच्या प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. "पोर वाघीण आहे, सर. पण साखळीत कुणाचा हातच धरत नाही. ही खोड लावली कुणी हिला?"

"बोलतो तिच्याशी," मी म्हणालो.

नव्या मॅटला रबराचा उग्र वास येत होता. डाव्या कोपऱ्यात ऋता उभी होती, दोन्ही मुठी घट्ट मिटून. आणि शेजारची एक कोवळी, नवखी मुलगी तिच्यापुढे हात पसरून केव्हाची वाट पाहत होती.