काडेचिराइताचा अर्क

काचेच्या नळीत करवंटीचा काळा कोळसा भरला होता आणि वरून मी काडेचिराइताच्या कडू पानांचा गर्द हिरवा अर्क ओतत होते. कोळशाच्या बारीक छिद्रांत हिरवा रंग अडकून राहिला आणि खाली थेंब थेंब पडू लागला तो अर्क जवळजवळ पाण्यासारखा होता. शेजारी उभी असलेली सोनीबाई टक लावून पाहत होती. हे झाड आम्हाला तिनेच दाखवलं होतं. डोंगराच्या कोणत्या उतारावरचं घ्यायचं, कधी खुडायचं, सगळं तिचंच.

“रंग गेला. आता काय उरलं, ताई?” तिने विचारलं.

“औषध उरलं. शुद्ध,” मी म्हणाले.

शुद्ध हा शब्द आम्ही प्रयोगशाळेत दिवसातून दहादा वापरतो. नको ते काढून टाकायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण नको ते कोणतं, हे कोळसा ठरवत नाही, माणसं ठरवतात. आमचा शोधनिबंध तपासताना मार्गदर्शक सर म्हणाले होते, “बाईंचं नाव कशाला? ‘स्थानिक माहिती’ एवढं पुरे.” मी सोनीबाईचं नाव खोडलं होतं.

तो निबंध छापून आलेला अंक टेबलावरच होता. सोनीबाईने पदराला हात पुसले आणि तो उचलला.

“ह्यात माझं नाव हाय ना?”

“आहे ना.”

“कुठं? बोट ठेव.”

मी सरांच्या नावावर बोट ठेवलं. तिने त्या अक्षरांवरून हळूच हात फिरवला.