बोटीच्या नियमांची सुनावणी

आमच्या शाळेचं गाव उजनीच्या पाण्याने तीन बाजूंनी वेढलेलं आहे. समोरचा काठ नुसत्या डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याने वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून बाजार, दवाखाना, कॉलेज, बायकांची माहेरं, सगळं बोटीनेच. मी सोलापूर शहरात वाढलेली. एवढं पाणी जवळून कधी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा बोटीत बसताना माझा हात धरला तो शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी. त्या पलीकडच्या काठच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. आमची शाळा दोघींचीच. त्यांच्या घरी मी इतकी जेवले, की त्यांच्या नवऱ्याला दाजी म्हणू लागले.

गेल्या उन्हाळ्यात ती दोघं बाईंच्या माहेरी लग्नाला निघाली. त्यांच्या मुलीला अंगात कणकण होती, म्हणून तिला इकडच्या आजीपाशी ठेवलं होतं. पाण्याच्या मधोमध वळवाचं वारं उठलं आणि बोट कलंडली. दाजी पोहून वाचले. बाई वाचल्या नाहीत. मी सुट्टीत सोलापूरला होते. फोनवर मला तीनदा सांगावं लागलं, तेव्हा कुठे समजलं.

त्यानंतर बोटी बंद झाल्या. शाळा उघडली तरी बाईंच्या जागी कुणी शिक्षक आला नाही. दोन्ही वर्ग मी एकाच खोलीत घेऊ लागले. पावसाळा सरत आला, तेव्हा गावात बोर्डावर कागद लागला: जलवाहतुकीच्या सुरक्षेचे नवे नियम ठरत आहेत, लोकांच्या हरकती आणि सूचना ऐकून घेतल्या जातील. सुनावणी आमच्याच शाळेत ठरली.

तालुक्याहून आलेल्या साहेबांचा घसा बसला होता. त्यांनी मसुदा माझ्या हातात दिला. "बाई, तुम्ही वाचा. लोकांना तुमचा आवाज सवयीचा आहे."

मी वाचू लागले. ठरल्यापेक्षा जास्त माणसं घेऊ नयेत. अंधार पडल्यावर फेरी नको. माणसांसोबत मोटरसायकली चढवू नयेत. यावर गलका झाला. "मंग दुधाचे कॅन डोक्यावर न्यायचे का?" एकाने विचारलं. मागून एक बाप उठला. "नियम काय करायचे ते करा साहेब, पण बोट सुरू करा आदी. माज्या पोरीचं कॉलेज सुटलंय."

पुढचा नियम होता, 'प्रत्येक प्रवाशासाठी जीवरक्षक जाकिटे बोटीत उपलब्ध असावीत.'

कडेवर मूल घेतलेली एक बाई दारातूनच म्हणाली, "लेकरांच्या मापाची हायत का? मोट्याचं घातलं तर पोरगं खालनं निसटंल की."

साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

तेवढ्यात दाजी उभे राहिले. ते आलेत हे मला माहीतच नव्हतं. सगळ्यांना वाटलं, हे आता बोटी कायमच्या बंद करा म्हणणार.

"बाई, ते परत वाचा," ते मला म्हणाले.

मी परत वाचलं.

"त्या दिवशी जाकिटं हुती बोटीत," दाजी म्हणाले. "गठ्ठा बांधून फळीखाली ठिवली हुती. तिनं इचारलं, घालू का? नवी साडी हुती अंगावर. मीच म्हणलो, ऱ्हाऊ दे, चुरगाळंल. आता पोचतोच की." ते थांबले. "उपलब्ध असावीत, असं नगा लिहू साहेब. ती हुतीच. समद्यांनी घातल्याबिगर बोट काठावरनं हलायची न्हाय, असं लिवा."

मी हातातला कागद टेबलावर ठेवला.

मग बोट चालवणारा एकजण म्हणाला, "आणि वारं उठल्यावर मी न्हाय म्हणलं, तर कुणी अंगावर यायचं न्हाय. ते बी लिवा. लोक लई घाई करत्यात."

"व्हय, करतो," कुणीतरी हळू म्हणालं.

दिवाळीनंतर पक्के नियम आले. जाकीट घातल्याशिवाय बोट सोडायची नाही, हे त्यात स्पष्ट होतं. लहान मापाची जाकिटंही आली. वारा असल्यास फेरी थांबवायचा अधिकार बोटवाल्याला मिळाला. मोटरसायकलींचं कलम मात्र मोघमच राहिलं, आणि त्यावरून धक्क्यावर अजून भांडणं होतात.

दाजी बरेच दिवस रस्त्यानेच जात. एका रविवारी मी बाजाराला निघाले तर ते धक्क्यावर दिसले, मुलीचा हात धरून. तिला आजोळी जायचं होतं. त्यांनी वाकून तिच्या जाकिटाचे पट्टे आवळले, मग स्वतःचे. मी जवळ गेले.

"जमंल का दाजी?"

"माहीत न्हाय," ते म्हणाले. "पर तिची आजी किती दिस वाट बघणार?"

आम्ही बसलो. बोटवाल्याने एकेकाकडे पाहून घेतलं आणि इंजिन सुरू केलं. वाटेत मुलगी पाण्याकडे बघत मला बगळे दाखवत होती. दाजींनी समोरचा काठ येईपर्यंत डोळे मिटून घेतले होते, आणि त्यांचा हात तिच्या जाकिटाच्या पट्ट्यावर होता.