कोपऱ्यातला सहावा

तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारा तो कारागीर फार कमी बोलायचा. खिडकीपाशी मान वाकवून बसला, की शेतात नांगरानं पाडलेल्या तासासारखी सरळ रेघ कोरणीमागून निघत जायची आणि तांब्याची कुरळी सालपटं मांडीवर साठायची.

त्या साली सभागृहाच्या तळघरात बंदुकीच्या दारूची पिंपं लपवून प्रधानांना उडवायचा कट फसला. तळघरात पाणी झिरपलं, दारू भिजली आणि पाच जण वात फुंकत बसलेले सापडले. छापखान्याच्या मालकाला यावर लोक हसतील असं चित्र हवं होतं. कारागीर तुरुंगात बसून पाचांची तोंडं हुबेहूब उतरवून आला. चित्रात एक जण ओली वात पिळत होता, दुसरा पिंपावर बसून शिंकत होता.

"उजवा कोपरा ओकाबोका दिसतोय," मालक म्हणाला. "घाला कुणीतरी."

जागा उरली की ओळखीतलं तोंड बसवायचं, ही कारागिराची रीतच. बायकोचा भाऊ पिंपं बनवायचा. त्याचं गोल तोंड घेऊन तो पळताना खिडकीत अडकलेला दाखवला.

मेहुणा दुकानाबाहेर चित्र बघून पोट धरून हसला. "दाजी, एवढी ढेरी कुठाय माझी? आणि पिंपं माझी असती तर दारू भिजली असती होय?"

बघणारेही हसले. त्यातलंच कुणीतरी जाऊन शिपायांच्या कानाला लागलं. आठवडा सरायच्या आत निसटलेला सहावा म्हणून त्यांनी मेहुण्याला उचललं.

बायकोनं कोरणी हातातून काढून घेतली. "जा, सांगा त्यांना. दादाचा जीव जाईल."

तो अधिकाऱ्यापुढे उभा राहिला. "साहेब, सहावा कुणी नव्हताच. कोपरा रिकामा होता."

"या पाचांची तोंडं खरी?"

"खरी. समोर बसवून काढलीत."

"मग सहाव्याचंच तेवढं खोटं?"

"तो माझा मेहुणा आहे."

"म्हणून तर आलात," अधिकारी म्हणाला आणि पुढचा कागद ओढला.

पाचांनीही शपथेवर सांगितलं, याला आम्ही ओळखत नाही. सोबत्याला वाचवतायत, असं ठरलं. सहाही जण एकाच सकाळी फासावर गेले. चित्राला मागणी एवढी, की पत्रा झिजेपर्यंत छापलं.

त्यानंतर कारागिरानं माणसाचं तोंड कोरलं नाही. डब्यांच्या झाकणांवर वेली आणि पानं कोरून पोट भरलं. बायको ताट वाढायची, अंथरूण घालायची, पण बोलायची नाही. एकदाच, पुष्कळ वर्षांनी, भांडी विसळता विसळता म्हणाली, "घरात आरसा होता. स्वतःचं तोंड काढलं असतंत."

"तेव्हा सुचलं नाही," तो म्हणाला.

"हं," म्हणून तिनं पाणी ओतून दिलं.