डिसेंबरातले गणपती

सावंत गणपतीहून परत येऊन कितीतरी दिवस झाले होते. तरी नाताळच्या आदल्या दिवशी तो फोनवर सगळ्यांना सांगत होता, "मी गणपतीसाठी गावी कुडाळला आहे. तातडीचं काम असल्यास पास्कल यांच्याशी बोला."

"मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय," दळवीसाहेब मला म्हणाले. वसई स्टेशनजवळ त्यांची कंपनी होती, घरी असलेल्या पेशंटना ऑक्सिजनचे सिलिंडर पुरवणारी. "मी घरून ऑफिसला फोन केला, तर सावंत म्हणतो कुडाळला आहे. आणि आज तर तो ड्युटीवर आहे."

"मशीन स्वतःच्या मनाने बोलत नाही, साहेब," मी म्हटलं आणि गासच्या माझ्या घरून स्कूटर काढली.

ऑफिसांमध्ये ईपीएबीएक्स बसवणं हा माझा धंदा. ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसपुरतं छोटं टेलिफोन एक्स्चेंज. त्याच वर्षी दळवींनी त्याला व्हॉइसमेल जोडून घेतला होता. फोन कोणी उचलला नाही, की ज्याचा फोन त्याच्या आवाजात निरोप ऐकू येतो आणि समोरच्याला बोलायची सोय होते. ईमेललाही मी तसंच करून दिलं होतं. तुम्ही सुट्टीवर असताना मेल आली की उत्तर आपोआप जातं, त्याला ऑटो रिप्लाय म्हणतात. सगळे खूश होते.

सिलिंडर पाठवायचं काम दोघांकडे. सावंत मूळचा कुडाळचा, पास्कल इथल्याच भुईगावचा. गणपतीत सावंत गावी जाणार आणि पास्कल दोघांचं काम बघणार. नाताळात पास्कल घरी आणि सावंत बघणार. वसईतल्या निम्म्या ऑफिसांचं असंच चालतं आणि झकास चालतं. फक्त इथे सावंतने गावाहून आल्यावर गणपतीचा निरोप पुसलाच नव्हता. इतके दिवस कोणाला कळलंही नाही, कारण ऑपरेटर बाई फोन घ्यायच्या आणि "सावंत, फोन" म्हणून हाक मारायच्या. फोन व्हॉइसमेलपर्यंत जायचाच नाही, आणि सावंतला मेल तर कोणी करायचंच नाही. आज बाई नाताळच्या सुट्टीवर. जाताना त्यांनी फोन नाइट मोडवर टाकला होता, म्हणजे सगळे कॉल थेट मशीनकडे, आणि ज्याचा नंबर दाबाल त्याचा निरोप.

मी पोचले तेव्हा सावंत टेम्पोतून डिलिव्हरी करून नुकताच आला होता. मी त्याचा निरोप त्यालाच ऐकवला. तो हसला.

"च्यायला, अजून मी गावीच?"

"आता पास्कलचा ऐक."

पास्कल छान सावकाश बोलला होता. "मी नाताळच्या सुट्टीवर आहे. तातडीचं काम असल्यास सावंत यांच्याशी बोला."

सावंतचं हसू गेलं. दोघंही माणसाला एकमेकांकडे धाडत होते. मशीन अगदी शिकवल्याप्रमाणे वागत होतं.

"कोणी निरोप ठेवलेत का बघू," मी म्हटलं आणि स्पीकर चालू केला. आवाज एकाच बाईचा होता. आधी पास्कलच्या खात्यात.

"पास्कल बाबा, मी राजोडीची रेमेत. बस्त्यावचा सिलिंडर संपत आलाय. आज पाठव हां."

मग सावंतच्या खात्यात. "सावंतसाहेब, पास्कल म्हनतो तुम्हाला सांगा. म्हनून सांगते."

परत पास्कलकडे. "बाबा, सावंतसाहेब गनपतीला गेलेत. तुझा सण हाय, कळतं मला. पन काटा लालवर आलाय."

परत सावंतकडे. "साहेब, कोनी हाय का तिथं?"

शेवटच्या निरोपात शब्दच नव्हते. मागे कोणीतरी कष्टाने श्वास घेत होतं. मग फोन ठेवल्याचा आवाज. असा धक्का मला विजेच्या उघड्या वायरनेही कधी दिला नव्हता.

सावंतने घाईघाईने कॉम्प्युटर उघडला. तिथे रेमेतबाईंच्या दुबईतल्या मुलाच्या मेल. "आईचा फोन तुम्ही घेत नाही, बाबांना सिलिंडर हवा." त्यालाही आमच्या ऑटो रिप्लायने आधी नाताळच्या आणि मग गणपतीच्या सुट्टीचं कळवलं होतं.

राजोडीला फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

टेम्पोत सिलिंडर चढवला आणि मीही सावंतशेजारी बसले. मला तिथे काही काम नव्हतं, पण घरी जाववेना. वाटेत तो एकदाच बोलला. "पास्कल तिकडे भुईगावात येशूजन्माचा गोठा सजवत असेल. रेमेतबाईने नुसतं कोणाला त्याच्याकडे धाडलं असतं तरी सायकलवरून आला असता."

"तिला काय माहीत तो घरी आहे? आपणच सांगितलं ना, याला विचारू नका म्हणून."

राजोडीला रेमेतबाईंच्या अंगणात माणसं जमली होती. ते पाहून सावंतने टेम्पो थांबवला, पण तो उतरेचना. शेवटी मीच पुढे गेले.

रेमेतबाईंचा नवरा बस्त्याव खुर्चीत बसला होता. जिवंत होता. नाकात नळी होती आणि नळी जात होती एका काळ्या, काजळी धरलेल्या सिलिंडरला. शेजारच्या गल्लीतल्या गॅस वेल्डिंगवाल्याने ग्रिलचं काम अर्धवट टाकून आपला वेल्डिंगचा ऑक्सिजन आणून जोडला होता.

"अहो, हा माणसाला द्यायचा नसतो," मागून आलेला सावंत पुटपुटला.

"माहीत आहे," वेल्डिंगवाला म्हणाला. "मग काय देऊ?"

सावंतने सिलिंडर बदलला. बस्त्यावचा श्वास हळूहळू संथ झाला. रेमेतबाईंनी आम्हाला बशीतून करंज्या दिल्या. मला वाटलं होतं शिव्या मिळतील. मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सावंतसाहेब," त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "गनपती झाले ना नीट?"

सावंतने करंजी तशीच हातात धरली.

संध्याकाळी दळवीसाहेबांनी विचारलं, "मशीन झालं का दुरुस्त?" मी म्हटलं, मशीनला काहीही झालेलं नव्हतं. तेव्हापासून माझा नियम आहे. सुट्टीच्या निरोपात परत येण्याची तारीख हवी आणि ज्याचं नाव सांगाल, त्याला माझ्यासमोर बाहेरच्या फोनवरून फोन लावा. हाडामांसाचा माणूस "हॅलो" म्हणाला, तरच मी बिल करते.

रेमेतबाई मात्र माझ्या नियमासाठी थांबल्या नव्हत्या. आम्ही राजोडीहून निघालो तेव्हाच त्या फोनशेजारच्या भिंतीवर लिहिलेला दळवींच्या कंपनीचा नंबर ओल्या फडक्याने पुसत होत्या. वेल्डिंगवाला बाजूला उभा राहून त्यांना आपला नंबर सांगत होता.