पालकांचे अंगठे

गावच्या शाळेत मी सातवीला शिकवायचे. शहरातल्या गारखेड्याहून रोज एसटीनं ये-जा. मुकुंदवाडी मागं टाकून तासाभराची वाट, दोन्हीकडं कपाशी. एका वर्षी वरून फर्मान आलं, की मुलांना नैसर्गिक आपत्तींची माहिती द्या. सोबत पुस्तिका होती, तिच्यात त्सुनामीसुद्धा होती. आमच्या गावाला समुद्र! उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं, दुसरं काय. मी ती पानं सरळ उलटली आणि विजेवर दोन तास घेतले, कारण परतीच्या पावसात आमच्याकडं माणूस मरतो तो विजेनं.

शिकवलं मात्र चांगलं, हे मी आजही म्हणेन. गडगडायला लागलं की झाडाखाली जायचं नाही, विळा-खुरपं टाकून द्यायचं, घर लांब असेल तर उघड्यावर पाय जुळवून उकिडवं बसायचं. पोरांना वर्गात तसं बसवून दाखवलं तर सगळी खिदळली. मग गृहपाठ दिला. हे घरी आईबापाला सांगायचं आणि 'समजलं' म्हणून कागदावर त्यांची सही आणायची. सही येत नसेल तर अंगठा.

दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्यांचे कागद आले. आमची पोरं इतकी गुणाची कधीच नव्हती. पहिल्या बाकावर बसणाऱ्या एका हुशार मुलीच्या कागदावरचा अंगठा तर बोराएवढा होता, तोही बॉलपेनच्या शाईचा. मी तिच्या हाताकडं पाहिलं. अंगठ्याच्या नखात निळी शाई तशीच होती. तिनं मान खाली घातली आणि मला हसू आलं. 'सर्व पालकांना माहिती दिली' असा शेरा मी माझ्या हातानं लिहिला आणि फाइल तालुक्याला पाठवून दिली.

दहा-बारा दिवसांनी, रविवारी, तिची आई कापूस वेचायला गेली होती. दुपारी आभाळ भरून आलं. बाकीच्या बाया गोठ्याकडं पळाल्या. ही कापसाचं गाठोडं भिजू नये म्हणून बांधावरच्या कडुलिंबाखाली थांबली, आणि वीज त्याच लिंबावर पडली.

सोमवारी मी पोचले तेव्हा गावानं सगळं उरकलं होतं. मी हजेरी घेतली, तिच्या नावापुढं गैरहजर लिहिलं, फळ्यावर अपूर्णांक शिकवले. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. मधल्या सुट्टीत डबा खाल्ला, पूर्ण. त्याची लाज पुढं लई दिवसांनी वाटली, तेव्हा तीही वाटली नव्हती.

तेरावं झाल्यावर मुलगी शाळेत आली. सुट्टीत वर्ग रिकामा होईपर्यंत थांबली आणि माझ्या टेबलापाशी येऊन खालीच बघत म्हणाली, "मॅडम, तो अंगठा माझाच व्हता. आई लई थकून आली व्हती. उद्या सांगू म्हणलं, अन् राहूनच गेलं."

हे तिनं बापालाही सांगितलं नव्हतं. आई आपल्यामुळं गेली, असं बारा वर्षांची पोर दोन आठवडे एकटी मनात घेऊन बसली होती. नाही गं बाई, तुझी काय चूक, असं म्हणणं सोपं होतं. पण मग ते तिच्याच अंगावर राहिलं असतं. म्हणून मी खरं ते सांगितलं.

"मला माहीत होतं. त्याच दिवशी कळलं होतं."

तिनं मान वर केली. रागानं नाही, गणित अडल्यावर विचारायची तसंच तिनं विचारलं, "मग तुमी का नाय सांगितलं तिला?"

तिचं घर शाळेच्या मागच्याच आळीत होतं, चालत पाच मिनिटांवर.

"माझी एसटी सुटत होती," मी म्हणाले.

ती "बरं" म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.